चार माशा बसलेली फुली

"मामा, ह्या पुडेवाल्यांचं काहीतरी चुकलंय."

भाचीनं पुडा माझ्या नाकासमोर धरला. तिचे बाबा, म्हणजे माझे भाऊजी, आदल्याच रात्री ओसाकाहून परतले होते. बॅगा अर्धवट उघड्या, सोफ्यावर मोज्यांचा ढीग, आणि त्या ढिगातूनच तिनं हा पुडा उपसून काढला होता. आत होती सेंबेई, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. आपल्या तांदळाच्या पापडाची जरा जाडजूड, सोयासॉस चोपडून भाजलेली जपानी बहीण म्हणा. पुढच्या बाजूला चकत्यांचा झकास फोटो. मागच्या बाजूला मुंग्यांची रांग लागावी तशी बारीक अक्षरं. आणि त्या रांगेच्या तोंडाशी हे:

※

"उत्तर चुकलं की बाई आमच्या वहीत अश्शी फुली मारतात," भाची म्हणाली. "पण ह्या फुलीवर चार माशा बसल्यात."

मी चष्मा लावला. खरंच की! एक तिरपी फुली, आणि फुलीच्या चार फटींत चार टिंबं. वर एक, खाली एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. अगदी मोजूनमापून.

आजी तांदूळ निवडत बसली होती. तिनं ताटावरची नजर न हलवता हात पुढे केला, पुडा डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि निकाल दिला, "कोणीतरी स्वस्तिक काढायला बसलं आणि मधेच उठून गेलं."

आता स्वस्तिकाच्या चार घरांत आपण चार टिंबं देतोच. त्यामुळे आजीचं म्हणणं काही अगदीच टाकाऊ नव्हतं. पण तेवढ्यात भाऊजी चहाचा कप घेऊन आले, त्यांनी पुड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते होय? ते तांदूळ आहे."

आम्ही तिघांनीही आजीच्या ताटाकडे पाहिलं.

दोस्तांनो, तुम्हीही पाहिलं असतंत. फुलीत तांदूळ कुठून आला? भाऊजींनी एक जुनं पाकीट घेतलं, कोरी बाजू वर केली आणि पेन काढलं. तुम्हीही कागद घ्या. ही गोष्ट नुसती वाचून मजा नाही.

जपानी भाषेत ह्या खुणेला म्हणतात 'कोमेजिरुशी'. कोमे म्हणजे तांदूळ आणि शिरुशी म्हणजे खूण. दोन शब्द जोडले की 'शि'चा 'जि' होतो. संधी काय फक्त आपल्याच व्याकरणाच्या पुस्तकात असतात? तांदळाची खूण, कोमेजिरुशी. आता तांदूळ हा शब्द लिहिण्यासाठी जपानमध्ये एक चित्राक्षर आहे, मूळचं चिनी. ते असं काढायचं: आधी एक अधिकचं चिन्ह काढा. त्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन छोटे तिरके फटकारे मारा, आत झुकलेले. खालच्या दोन कोपऱ्यांत दोन लांब फटकारे, बाहेर पसरलेले, पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखे. सहा रेघांत अक्षर तयार. झाला तांदूळ.

आता कागद जरासा फिरवा. पूर्ण नको, अर्ध्या काटकोनाएवढाच, म्हणजे ४५ अंश. अधिकची झाली फुली, आणि कोपऱ्यांतले फटकारे आले वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. फटकाऱ्यांची टिंबं करा.

भाची ओरडली, "माशा!"

हीच ती. जपानी लोकांनी ह्या खुणेकडे पाहिलं आणि त्यांना तिच्यात तांदळाचं अक्षर दिसलं. बस, नाव पडलं.

ही खूण करते काय, तर हळूच बाही ओढते. "अहो, जरा इकडे बघा, एक सांगायचं राहिलंय." लेख, जाहिरात, वेळापत्रक, औषधाची बाटली, कशावरही असो, ※ दिसली की तिच्यापुढे एखादी सूचना असणार. आपल्याकडे जाहिरातीत हेच काम * ही चांदणी करते. वर टपोऱ्या अक्षरांत 'फुकट', फुकटच्या टोकाला छोटीशी चांदणी, आणि पार तळाशी दुसरी चांदणी लावून 'अटी लागू'. म्हणजे चांदण्या दोन लागतात, एक शब्दाला आणि एक सूचनेला. एकीचं बोट धरून दुसरीपर्यंत जायचं. जपानी तांदूळ मात्र बहुतेकदा एकटाच येतो. वर कशाला काही लावलेलं नसतं. सूचना आली की तिच्या आधी हा उभा राहतो, मिरवणुकीच्या पुढे भालदार चालतो तसा.

"मग ह्या पुड्यावर काय सूचना आहे?" भाचीनं विचारलं.

भाऊजींनी वाचलं, "शाशिन वा इमेजी देसू. म्हणजे, फोटो ही इमेज आहे."

"फोटो ही इमेजच असते ना!"

ह्यात एक गंमत आहे. 'इमेजी' हा जपानीनं इंग्रजीकडून उचललेला शब्द, पण उसना शब्द घरी आणला की त्याचं वागणं बदलतं. जपानीत त्याचा अर्थ साधारण 'मनातलं चित्र' असा झालाय. तर त्या सूचनेचा अर्थ असा, की बाबा रे, फोटोतली सेंबेई आमच्या मनातली आहे, पुड्यातली थोडी वेगळी निघेल, रुसू नकोस. ही सूचना जपानमध्ये इतक्या ठिकाणी छापलेली असते, की भाऊजी म्हणतात, तिकडे राहणाऱ्या परक्या माणसाला जी पहिली दहा वाक्यं वाचता येतात त्यात हे एक असतं.

टीव्हीवर तर ह्या तांदळाचा पाऊस पडतो. जाहिरातीत एखाद्या काकू सांगतात, हे पेय घेतलं आणि माझे गुडघे तरुण झाले! लगेच कोपऱ्यात बारीक अक्षरांत उमटतं: ※ हे त्या व्यक्तीचं स्वतःचं मत आहे. आणि माझी सगळ्यात लाडकी सूचना तर पुढे आहे. गमतीच्या कार्यक्रमात कधी ढीगभर खाणं मांडतात, खेळतात, सांडतात. पाहणाऱ्यांच्या मनात येतं, अरेरे, एवढं अन्न वाया गेलं. मग पडद्यावर उमटतं: ※ नंतर हे सगळं आमच्या कर्मचाऱ्यांनी चवीनं खाल्लं.

भाची ह्यावर इतकी हसली, की सेंबेईचा तुकडा तिच्या नाकात जायचा राहिला.

पण एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होता. ह्याच खुणेत जपान्यांना तांदूळच का दिसावा? चांदणी का नाही? फूल का नाही?

त्याचं उत्तर बहुधा ताटात आहे. आपण शेतात उभं असतं त्याला भात म्हणतो आणि शिजून वाफाळतं त्यालाही भातच म्हणतो, मध्ये फक्त गिरणीतून आला की त्याचा तांदूळ होतो. जपानीत तिघांना तीन नावं. शेतात उभी ती 'इने', पोत्यात भरलेला तो 'कोमे', शिजून वाटीत आला की 'गोहान'. आणि गोहान म्हणजे नुसता भात नव्हे हं, गोहान म्हणजे जेवणच. सकाळच्या न्याहारीला 'आसागोहान' म्हणतात, सकाळचा भात. मग त्यात पाव आणि ऑम्लेट का असेना! कोकणातल्या माझ्या आत्याचंही असंच आहे. चार पोळ्या खाल्ल्या तरी "भात कुठे खाल्लास? जेवलास कुठे?" असं विचारते.

आणि एकेकाळी तर जपानमध्ये तांदूळ हाच पैसा होता. साधारण चारशे वर्षांपूर्वी सुरू होऊन १८६८ पर्यंत चाललेल्या एदो काळात सरदार किती मोठा हे त्याच्याकडच्या नाण्यांवरून ठरत नसे, त्याच्या मुलखात तांदूळ किती पिकेल ह्यावरून ठरे. त्याचं माप होतं 'कोकु'. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनात साधारण १५० किलो तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. १०,००० कोकुंचा मुलूख असला तर तुम्ही बडे सरदार, तिकडच्या भाषेत 'दाइम्यो'. कागा प्रांताचे सरदार तर दहा लाख कोकुंच्याही वरचे! सामुराई योद्ध्यांचा पगारही तांदळात मोजायचे. मग इतक्या तांदळाची खरेदी-विक्री कुठे व्हायची? भाऊजी जिथून आले त्याच ओसाकात. तिथल्या दोजिमा भागातल्या तांदूळ बाजाराला १७३० मध्ये सरकारी मान्यता मिळाली. तिथे पुढे येणाऱ्या तांदळाचे सौदे आजच करून ठेवत, पोतं डोळ्यांनी न बघता, नुसते वहीत आकडे मांडून.

आता सांगा, ज्यांचं जेवण तांदूळ, पगार तांदूळ आणि श्रीमंतीही तांदूळ, त्यांना फुलीत दुसरं काय दिसणार?

त्या सहा रेघांच्या अक्षरात अजून एक खजिना दडलाय. मला तो माहीत होता म्हणून मी जरा भाव खाल्ला. भाऊजींच्या हातून पेन घेतलं आणि म्हटलं, "ह्या अक्षरात एक आकडा आहे. शोध."

भाचीनं बराच वेळ पाहिलं. "अधिकचं चिन्ह आहे फक्त."

अधिकचं चिन्ह म्हणजेच जपानी दहा! आणि त्यांचा आठ कसा काढतात? दोन तिरक्या रेघा, छपराच्या दोन उतरत्या बाजूंसारख्या, वरच्या टोकाला न जुळलेल्या. आता तांदळाच्या अक्षराचे खालचे दोन फटकारे बघा. झाला आठ. वरचे दोन बघा, तोच आठ, डोक्यावर उभा. मध्ये दहा. वरून खाली वाचा: आठ, दहा, आठ. जपानीत ८८ असंच लिहितात, आठ-दहा-आठ, म्हणजे आठ दाहे आणि वर आठ.

म्हणून जपानमध्ये माणूस ८८ वर्षांचा झाला की मोठा सोहळा करतात. त्याचं नाव 'बेइजू', तांदळाच्या अक्षराचा वाढदिवस. शेतकरी असंही म्हणतात की पेरणीपासून वाटीपर्यंत तांदूळ पोचवायला ८८ कष्ट पडतात, म्हणून अक्षरात ८८ आहेत.

"आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात ना," आजी म्हणाली. "हजार पौर्णिमा बघितल्या की. तुझ्या पणजोबांचं केलं होतं, एक्याऐंशीव्या वर्षी." मग ताटातला एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला. "आम्ही आपले चंद्र मोजतो. ते अक्षरं फोडतात."

तेवढ्यात भाऊजींना फोनची आठवण झाली. आपल्या फोनच्या आकड्यांखाली दोन कोपऱ्यांत दोन चिन्हं असतात, * आणि #. आपण त्यांना स्टार आणि हॅश म्हणतो. जपानमध्ये बँकेला फोन लावला की ध्वनिमुद्रित बाई सांगते, "कोमेजिरुशी दाबा." तिथे ती आपली * असते, पण नाव तांदळाचंच चालतं, कारण दिसायला भावंडं. आणि # ला एक जुनं नाव आहे 'इगेता'. इगेता म्हणजे विहिरीच्या तोंडाशी बसवलेली लाकडी चौकट, चार ओंडके एकमेकांवर आडवे टाकून केलेली. म्हणजे बघा, शून्याच्या एका बाजूला तांदूळ आणि दुसऱ्या बाजूला विहीर! फोनवर आख्खं खेडं वसवलंय.

आणि हल्लीच्या मुलांनी तर कमालच केली. व्हिडिओखाली आपण कमेंट टाकतो ना? जपानीत कमेंटचं झालं 'कोमेंतो'. एवढं लांबलचक कोण लिहिणार? केलं 'कोमे'. आणि कोमे म्हणजे तर तांदूळ! मग लिहिताना थेट तांदळाचं अक्षरच टाकायला लागले. आपण मित्राला "माझ्या व्हिडिओखाली तांदूळ टाक" म्हणावं तसं.

इथवर ठीक. पण समुद्र ओलांडून कोरियात जा आणि हीच खूण दाखवा. तिथे कोणीही तांदूळ म्हणणार नाही. कोरियातली मुलं म्हणतील, "ही तर दांग-गु-जांगची खूण." दांग-गु-जांग म्हणजे बिलियर्ड्सचा अड्डा!

चकित झालात ना? मीही झालो होतो. बिलियर्ड्स म्हणजे हिरव्या कापडाच्या टेबलावर लांब काठीनं चेंडू ढकलायचा खेळ. आपल्याकडच्या कॅरमसारखी त्या टेबलाला भोकं असतात हे आपण गृहीतच धरतो. पण कोरियात बिनभोकाच्या टेबलावरचा एक प्रकार फार लोकप्रिय आहे. त्यात चेंडू कुठे पाडायचाच नसतो, आपला चेंडू दुसऱ्या चेंडूंवर आपटवायचा असतो. ह्या खेळात टेबलावर चेंडू असतात मोजून चार. आता ※ कडे परत बघा. दोन काठ्या एकमेकींवर आडव्या टाकलेल्या, आणि चार फटींत चार चेंडू. बिलियर्ड्सवाल्यांनी दुकानाच्या काचेवर आणि पाटीवर हीच खूण रंगवली, आणि लोकांनी खुणेला दुकानाचं नाव देऊन टाकलं.

आणि ही काही नुसत्या टवाळ मुलांची भाषा नाही. वर्गात शिकवताना कोरियातले शिक्षकही सांगतात, "ह्या ओळीला दांग-गु-जांगची खूण करून ठेवा, परीक्षेला येईल." आपल्या बाईंनी वर्गात "धड्यातल्या ह्या व्याख्येपाशी कॅरमचा क्लब काढा" म्हटल्याची कल्पना करून बघा! तिचं कागदोपत्री नाव आहे 'छामगोप्यो', संदर्भाची खूण. पण कागदोपत्री नावानं घरात कोण हाक मारतं? पाळण्यातलं नाव 'सच्चिदानंद' असलं तरी हाक 'बंड्या' अशीच येते.

चीनमध्ये ह्या अक्षराची आणखीच वेगळी कथा. तिथे तांदळाच्या अक्षराचा उच्चार 'मी'. त्या अक्षराचा आकार चिनी माणसाच्या डोळ्यांत इतका भरलेला असतो, की मधोमध अधिक आणि वर फुली असं काहीही दिसलं की तो म्हणतो, हे 'मी'सारखं. ब्रिटनचा झेंडा आठवा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक उभी-आडवी आणि वर तिरपी जाळी. चीनमध्ये त्याला सरळ 'मी अक्षराचा झेंडा' म्हणतात! लंडनच्या राजवाड्यावर तांदूळ फडकतोय म्हणजे. आणि तिकडची लहान मुलं अक्षर गिरवायला ज्या वह्या वापरतात, त्यांच्या प्रत्येक चौकोनात एक अधिक आणि एक फुली अशा पुसट रेघा आखलेल्या असतात. कोणती रेघ मधोमध आली, कोणती कोपऱ्याकडे झुकली, हे त्यावरून कळतं. ह्या चौकोनांचं नावही तेच, 'मी अक्षराची घरं'. आपण दुरेघी वही म्हणतो, ते तांदुळी वही म्हणतात.

आता मी तुम्हाला ह्या खुणेच्या सगळ्यात जुन्या जुळ्या भावाकडे नेतो. त्यासाठी खूप लांब जायला लागेल, इजिप्तच्या किनाऱ्यावर, अलेक्झांड्रिया शहरात, आणि मागेही जायला लागेल, २,१०० वर्षांपेक्षा जास्त. तिथे एक प्रचंड ग्रंथालय होतं आणि त्याचे प्रमुख होते ॲरिस्टार्कस नावाचे ग्रीक पंडित. त्यांच्यासमोर काम होतं होमर ह्या महाकवीच्या काव्यांचं. छापखाना नव्हता. जो तो हातानं नक्कल करायचा. नक्कल करताना कोणी ओळ गाळायचा, कोणी एकच ओळ दोन ठिकाणी लिहायचा, कोणी पदरची घुसडायचा. खरी ओळ कुठली आणि घुसडलेली कुठली?

ॲरिस्टार्कस खोडाखोड करत नसत. त्यांनी समासात खुणा करायला घेतल्या. ओळ होमरची वाटत नसेल तर तिच्याशेजारी एक आडवी रेघ. तिचं नाव 'ओबेलोस', म्हणजे मांस भाजायची सळई. संशयित ओळीला सळईवर टोचलं! आणि एखादी ओळ काव्यात दुसरीकडेही येत असेल तर तिच्याशेजारी काढायची एक फुली आणि फुलीच्या चार फटींत चार टिंबं.

हो, तीच. आपल्या सेंबेईच्या पुड्यावरची. तिथे तिचं नाव होतं 'आस्तेरिस्कोस', म्हणजे छोटा तारा. इंग्रजी 'ॲस्टेरिस्क' हा शब्द तिथूनच आला. पुढे पश्चिमेकडे ताऱ्याची टिंबं गेली, पाकळ्या आल्या आणि त्याची आजची * झाली. आपण मराठीतही ह्या ताऱ्याला विसरलो नाही बरं का. विधानसभेत आमदार जे प्रश्न विचारतात, त्यातल्या ज्यांना मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असतं, त्यांना 'तारांकित प्रश्न' म्हणतात. शेजारी तारा काढलेला प्रश्न. नुसतं लेखी उत्तर पुरेल तो अतारांकित.

"म्हणजे अलेक्झांड्रियात तारा, जपानात तांदूळ, कोरियात बिलियर्ड्स," भाची बोटं मोजत म्हणाली. "आणि आपल्याकडे?"

"माशा," मी म्हटलं.

पण तिचा प्रश्न खरा होता. आपण चिन्हांना काय नावं देतो? मी विचार करायला लागलो आणि मला भलतीच मजा यायला लागली. × ला आपण 'फुली' म्हणतो, आणि त्या शब्दात फूल चक्क ऐकू येतं. बाईंनी उत्तर चुकलं म्हणून दिलेलं लाल फूल! अक्षराला वळसा घालून चढते ती 'वेलांटी', तिच्यात वेल. 'षटकोना'तला ष हा 'पोटफोड्या ष', बिचाऱ्याच्या पोटातून रेघ गेलेली. लिहिताना एखादा शब्द राहिला की ओळीखाली जी टोकदार खूण करून वर तो शब्द घुसवतो, तिला 'काकपद' म्हणतात, कावळ्याचं पाऊल. काहीजण तिलाच 'हंसपद' म्हणतात. ज्याचं अक्षर सुंदर त्याचा हंस, माझ्यासारख्याचा कावळा, असं माझं खासगी मत. जुन्या हस्तलिखित पोथ्यांतही गाळलेली अक्षरं दाखवायला ही पावलं उमटलेली आहेत.

आणि गंमत म्हणजे परक्यांनी आपल्या अक्षरांना ठेवलेली नावंही आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. दुसऱ्या शब्दातला तो आडवा, बाकदार, अर्धा र नीट बघा. जगातल्या सगळ्या लिपी संगणकावर आणणारी युनिकोड नावाची जी यादी आहे, तिच्या इंग्रजी कागदपत्रांत ह्या र ला 'आयलॅश' म्हटलंय, पापणीचा केस. जन्मभर दऱ्याखोऱ्या लिहिल्या, पण मला कधी त्यात पापणी दिसली नव्हती. आता दिसते, आणि पुसलीच जात नाही.

ह्या युनिकोडच्या यादीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो, वर्गातल्या हजेरीसारखा. आपला अ आहे २३०९. आपलं रुपयाचं चिन्ह ८३७७. आणि आपली माशीवाली फुली ८२५१. यादीत तिचं नाव मात्र अगदी रुक्ष आहे, 'रेफरन्स मार्क'. ना तांदूळ, ना तारा, ना चेंडू.

"पण ती टाइप कशी करतात?" भाचीनं विचारलं. "कीबोर्डवर तर नाहीये."

भाऊजींनी लॅपटॉप उघडला आणि जपानी कळफलक सुरू केला. इंग्रजी अक्षरांतून 'कोमे' असं लिहिलं. स्पेसबार दाबला. लगेच खाली एक छोटी यादी उघडली, "कुठला कोमे हवाय?" असं विचारल्यासारखी. तांदळाचं अक्षर, कोमे ह्या उच्चाराची इतर रूपं, आणि त्यातच आपली ※. बोटानं निवडली की आली. म्हणजे तुम्ही यंत्राला शब्द सांगायचा 'तांदूळ' आणि यंत्रानं ओळखायचं की तुम्हाला कदाचित सूचना द्यायची असेल. कोरियन कळफलकावर दुसरी युक्ती असते. तिथे 'म' ह्या उच्चाराचं एक अक्षर आहे, अगदी रिकाम्या चौकोनी खोक्यासारखं. ते टाइप करायचं आणि चिनी अक्षरं आणायची जी खास कळ असते ती दाबायची. खोकं उघडतं आणि आतून चिन्हांची यादी बाहेर पडते. त्यात चांदण्या असतात, तारे असतात आणि बिलियर्ड्सचं टेबलही असतं.

"मराठीत तांदूळ टाइप करून स्पेसबार दाबला तर?"

"तर तांदूळ आणि त्यापुढे एक मोकळी जागा."

भाची जराशी हिरमुसली. मग तिनं ते पाकीट ओढून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकामागून एक ※ काढत बसली. आधी फुली, मग वर, डावीकडे, उजवीकडे, खाली. पहिल्या काही वाकड्या आल्या, टिंबं फुलीला चिकटली. मग तिच्या लक्षात आलं, फुली जरा मोठी काढायची आणि टिंबं फटीच्या अगदी मध्यावर, कशालाही न शिवता ठेवायची. ते जमलं की खूण पानावर कशी चटकन उठून दिसते! तुम्हीही करून बघा. पाच मिनिटांत हात बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. भाऊजी येणार म्हणून आजीनं आधीच डबाभर बेसनाचे लाडू करून ठेवले होते. डबा उचलला तर हलका लागला. झाकणाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर ओळखीचं होतं, आणि सुरुवातीला एक फुली अगदी तब्येतीत काढलेली.

※ उरलेले लाडू आमच्या कर्मचाऱ्यांनी चवीनं खाल्ले.

फुलीची तीन टिंबं पेनाची होती. चौथ्याला बोट लावलं तर ते हललं. तो लाडवाचा कण होता.